जिभेखालची गोळी

घरातल्या कर्त्या माणसाला धाप लागायला लागली की तो आधी जिन्याला दोष देतो, मग वयाला, मग हवेला. स्वतःच्या छातीवर हात ठेवायची वेळ सगळ्यांत शेवटी येते. थेंबेसाहेबांचंही तसंच झालं.

थेंबे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठा विभागात ते मुख्य रसायनतज्ज्ञ होते आणि प्रयोगशाळेत एका थेंबाचाही घोळ त्यांना खपत नसे, म्हणून हाताखालच्या लोकांनी मागून हे नाव चिकटवलं होतं. नळ आधी वाहू न देता कुणी बाटली भरून आणली, तर साहेब ती त्याच्यादेखत मोरीत ओतायचे. "नमुनाच खोटा आणलात तर माझं यंत्र काय भविष्य सांगणार?" असं वर ऐकवायचे. माणूस कडक, पण सरळ. खोटेपणा त्यांच्या वाऱ्याला उभा राहत नाही, असं सगळे म्हणत. खरं सांगायचं तर त्यांचा स्वतःचाही तसाच समज होता.

गेले काही महिने टाकीचा जिना चढताना छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं व्हायचं. जरा थांबलं की उतरायचं. "गॅस झालाय," म्हणून ते पुढे चालू लागत. शेवटी एकदा बाजाराची पिशवी घेऊन येताना ते रस्त्यातच कठड्याला टेकले, आणि त्यांच्या बायकोने ते पाहिलं. मग मात्र तिने त्यांचं काही चालू दिलं नाही.

हृदयविकाराच्या डॉक्टर बाई होत्या. वयाने साहेबांच्या मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील. कार्डिओग्राम पाहून त्या म्हणाल्या, "हा ठीक आहे, पण एवढ्यावर भागणार नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करू. हाताच्या शिरेतून औषध सोडायचं आणि यंत्राने चित्रं काढायची. नळ्या कुठे अरुंद झाल्यात का, ते दिसेल. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवा, आणि सिस्टर जे विचारतील त्याची बरोबर उत्तरं द्या."

"त्यात काय!" साहेब म्हणाले.

तपासणीच्या दिवशी सोबत मुलगी आली. तिने मुद्दाम रजा काढली होती. यंत्राच्या अलीकडे एक चिंचोळी खोली होती. तिथे दोन खुर्च्या, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि एक निळा पडदा, पडद्यापलीकडे दुसरा कोणी पेशंट. सिस्टरने साहेबांच्या हाताला सुई लावली, पट्टी चिकटवली आणि सरावाच्या सुरात विचारायला लागली.

"काका, दमा आहे?"

"नाही."

"कसली ॲलर्जी?"

"नाही."

"सकाळपासून चहा, कॉफी?"

सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अर्धा कप कॉफी पोटात गेली होती. अर्ध्या कपाने काय होतंय! "नाही," साहेब म्हणाले.

"आणि काका, हे सगळ्याच पुरुषांना विचारावं लागतं हं. ताकदीसाठी म्हणून ज्या गोळ्या मिळतात, नवरा-बायकोच्या संबंधांसाठी, त्यातली एखादी दोन-तीन दिवसांत घेतलीत का? मी तुम्हाला जिभेखाली एक गोळी देणार आहे. तिने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चित्र नीट येतं. पण ती दुसरी गोळी पोटात असेल तर रक्तदाब एकदम कोसळतो. जिवावर बेतू शकतं."

शेजारी मुलगी फोनवर बोटं फिरवत होती. तिची बोटं थांबली.

"छे!" साहेब म्हणाले. "काहीतरीच काय विचारता?" आवाज इतका चढला की पडद्यापलीकडचा माणूस खाकरला.

आणि ती गोळी त्यांनी आदल्या संध्याकाळीच घेतलेली होती!

वर्षभरापासून हे चाललं होतं. इतक्या वर्षांचा संसार, आणि आता शरीर ऐन वेळी दगा देऊ लागलं होतं. बायको कधी काही बोलली नाही. तिचं ते न बोलणंच साहेबांना जास्त लागायचं. डॉक्टरकडे जायचा धीर झाला नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांना कुणी ओळखणार नाही अशा एका औषधाच्या दुकानात ते गेले, आणि भुवयांपर्यंत टोपी ओढून त्यांनी गोळ्यांची पट्टी मागितली. दुकानदाराने ना चिठ्ठी मागितली ना वय विचारलं. तेव्हापासून ती पट्टी दाढीच्या सामानाखाली लपलेली असायची.

हे मुलीसमोर कसं सांगणार? निदान सिस्टरला हळूच बाजूला बोलावून? तेवढंही सुचलं नाही. सुचलं असतं तरी जीभ उचलली नसती.

सिस्टरने जिभेखाली बारीकशी गोळी ठेवली आणि ती पलीकडे वळली. जिवावर बेतू शकतं म्हणाली ना ही! त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, खोकल्याचं सोंग आणलं आणि गोळी रुमालात काढून घेतली. इकडे आड, तिकडे विहीर, त्यातून आपण किती शिताफीने वाट काढली, असं त्यांना क्षणभर वाटलंसुद्धा.

मग हातातल्या कड्यासारख्या त्या मोठ्या गोल यंत्रात ते आडवे झाले. नाडी मंदावण्याचं औषध आधीच दिलेलं होतं, पण छातीत घण पडत होते. हे पकडलं तर जाणार नाही ना? मुलीला संशय आला असेल का? भिंतीतल्या स्पीकरमधून तंत्रज्ञाचा आवाज आला, "काका, मन शांत ठेवा, नाडी फार पळतेय." शांत ठेवा म्हटल्यावर ती आणखीच पळायला लागली. शिरेतून औषध गेलं, अंगभर गरम लाट पसरली. "श्वास घ्या, धरून ठेवा." त्यांनी धरला, आणि अर्ध्यातच सोडला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मुलीने तो मोठ्याने वाचला. हृदय वेगाने चालल्यामुळे चित्रं हललेली आहेत, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. पण ते वाक्य कुणाच्या कानात शिरलंच नाही. शिरलं ते पुढचं: उजव्या रक्तवाहिनीच्या मधल्या भागात मोठा अडथळा असल्यासारखं दिसतं.

घरात एकदम चूल विझल्यासारखं झालं. साहेबांच्या धाकट्या भावाला कळलं, त्याने फोनवरून साऱ्या नातेवाइकांना कळवलं, आणि ज्याला त्याला साहेबांना धीर द्यायचा होता. "दादा, अजिबात हलू नकोस," भाऊ म्हणाला. जणू साहेब काचेचे बनलेले होते!

डॉक्टर बाईंनी चित्रं निरखून पाहिली. "चित्रं काही मनासारखी नाहीत," त्या म्हणाल्या. "पण हे दिसतंय तसं खरंच असेल तर गप्प बसता येणार नाही. मनगटातून बारीक नळी घालून आतून थेट बघू. पुढच्या आठवड्यात." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का? जिभेखालची गोळी पूर्ण विरघळली ना?"

एका बाजूला बायको, एका बाजूला मुलगी. साहेबांनी टेबलावरच्या हृदयाच्या प्लास्टिकच्या नमुन्याकडे पाहिलं.

"हो, विरघळली," ते म्हणाले.

पहिलं खोटं धांदलीत सुटलं होतं. हे मात्र त्यांनी समजून उमजून उच्चारलं, आणि उच्चारताना त्यांचे कान तापले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मुलीला दुसऱ्या शहरात मनासारखी नोकरी लागली होती. येत्या महिन्यात ती जाणार होती. तिने तिथल्या लोकांना नकार कळवून टाकला. साहेब चिडले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "नोकऱ्या काय, मिळतील. बाबा एकच आहेत." ती आत गेल्यावरही साहेब तिथेच उभे राहिले. आपल्याला भूमीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं.

प्रयोगशाळेत एका मदतनिसाने घाईने भरलेली बाटली आणली. नेहमीप्रमाणे साहेबांनी ती मोरीवर धरली. पण हात तसाच राहिला. कोणत्या तोंडाने ओतणार? "ठेव तिकडे," ते कसंबसं म्हणाले. मदतनीस बावचळून बघतच राहिला. साहेब आजारी आहेत, असं त्याने बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं.

आणि घरी बायको. तिने तेलाचे डबे शेजारी देऊन टाकले होते, लोण्याची बरणी घासून पालथी घातली होती. त्या संध्याकाळी साहेब पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, तर ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. खांदे हलत होते.

"अगं, काय झालं?"

"काही नाही." मग एकदम वळून ती म्हणाली, "मीच केलं हो हे. तळलेलं आवडतं, तळलेलं आवडतं म्हणून इतकी वर्षं मीच तुम्हाला घालत राहिले. हाताने विष घातलं मी."

साहेबांना ते ऐकवेना. खुर्ची ओढून ते मटकन बसले.

"तुझा काही दोष नाही," ते म्हणाले. "रिपोर्टच खोटा आहे. मी केला खोटा."

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. कॉफी सांगितली, सिस्टरचा प्रश्न सांगितला, रुमाल सांगितला. शेवटी, जमिनीकडे बघत, दाढीच्या सामानाखालची पट्टीसुद्धा सांगितली.

बायकोच्याही चेहऱ्यावर लाली आली. मग ती हळूच म्हणाली, "गोळ्यांचं मला ठाऊक होतं."

"काय?"

"तुमच्या दाढीचं पातं मी नाही तर कोण बदलतं? मला वाटलं, तुम्हाला बोलायचं नसेल तर मी कशाला विषय काढू."

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"गोळीची मला लाज नाही वाटली हो," ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजाला धार आली. "म्हटलं, या वयातही ह्यांना माझी आठवण आहे! पण इतके दिवस मी ह्या ओट्यापाशी स्वतःला खुनी समजून उभी आहे. पोरीने चालून आलेली नोकरी सोडली. आणि तुम्ही समोर बसून नुसतं बघत होतात? ह्याची लाज वाटू दे तुम्हाला."

"वाटते गं. म्हणून तर सांगितलं."

"मला सांगून काय उपयोग? डॉक्टरांना सांगा."

"त्यांना? अगं, त्या बाई आहेत. आपल्या पोरीच्या वयाच्या. त्यांच्यापुढे हे असलं कसं बोलू?"

बायको त्यांच्यासमोर येऊन बसली. "पोरीच्या जन्माच्या वेळचं आठवतं? खोलीत डॉक्टर पुरुष, त्याच्याबरोबर शिकणारी पोरं, तीही पुरुष. मी लाजेने अर्धी मेले होते. तेव्हा दाराबाहेरून तुम्ही काय ओरडलात? 'डॉक्टरपुढे कसली लाज? ते सांगतील तसं कर!' मी केलं म्हणून पोरगी आणि मी, दोघी जिवंत आहोत. बायकांनी लाज सोडायची आणि पुरुषांनी जपायची, असं कुठे लिहिलंय?"

याचं उत्तर तुमच्या-आमच्याकडे तरी आहे का?

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. बायको म्हणाली, "मी बाहेर थांबते, तुम्हीच बोला." साहेब आत गेले, खुर्चीत बसले, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मग एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. सांगताना घामाने सदरा पाठीला चिकटला.

डॉक्टर बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं.

"जिभेखालची गोळी थुंकलीत म्हणून वाचलात, असं समजा," त्या म्हणाल्या. "गेली असती तर माझ्या सिस्टरला कळलंही नसतं की तुमचा रक्तदाब कशाने कोसळला. उपचार तरी कशावर करणार? आणि चित्रांचं म्हणाल, तर नळ्या रुंदावल्या नाहीत, कॉफी आणि भीतीने हृदय धावलं, श्वास सुटला. धावत्या माणसाचा फोटो हलतो, तसं झालं. उजवी नळी सगळ्यांत जास्त हलते. हललेली नळी तुटक दिसते, अरुंद दिसते."

"म्हणजे ही तपासणी भरवशाची नाही?"

"चांगली भरवशाची आहे! चित्र स्वच्छ आलं आणि तिने 'अडथळा नाही' म्हटलं, तर मी निर्धास्त झोपते. इतकी ती खात्रीची आहे. 'आहे' म्हणाली, की मात्र मी दोनदा विचारते. हृदय पळत होतं का? नळीला कॅल्शियम साचलंय का? कारण कॅल्शियम चित्रात फुगून दिसतं, असतो त्यापेक्षा अडथळा मोठा वाटतो. हे सगळं तपासणारी मी. पण पेशंटने काय लपवलं, ते मला कुठलं यंत्र दाखवणार?"

साहेब मान खाली घालून ऐकत होते.

"चूक आमचीही आहे," बाई पुढे म्हणाल्या. "हा प्रश्न मुलीसमोर विचारायला नको होता. ते मी आजच बदलते. आता अजून एक ऐका. तुम्ही जी गोष्ट लपवलीत ना, तीच मला सगळ्यांत आधी हवी होती."

"ती कशाला?"

"ज्या तक्रारीसाठी गोळ्या घेतल्यात, तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या नळ्यांपेक्षा बारीक असतात. बऱ्याचदा आधी त्या कुरकुरतात, मग काही वर्षांनी हृदय. प्रत्येकाचं तसंच असतं असं नाही. पण वर्षभरापूर्वी तुम्ही हे कुणा डॉक्टरला सांगितलं असतंत, तर त्याने तेव्हाच तुमची छाती तपासली असती. शरीराने तुम्हाला आधीच हाक मारली होती. तुम्ही टोपी ओढून गोळ्या आणायला गेलात!"

साहेबांना वाटलं, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं. आयुष्यभर लोकांच्या बाटल्या ओतल्या, आणि स्वतःच्या जिवाच्या बाबतीत असा अडाणीपणा! अरेरे!

बाहेर येऊन त्यांनी मुलीला फोन लावला. "तू नोकरीवाल्यांना सांग, येते म्हणून," ते म्हणाले. "रिपोर्ट चुकीचा आला, तो माझ्यामुळे. मी सिस्टरला खोटी उत्तरं दिली. ती ताकदीच्या गोळ्यांबद्दल विचारत होती ना, त्याचंसुद्धा." मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा चढलेला आवाज ऐकूनच मला शंका आली होती. मीच उठून बाहेर जायला हवं होतं. मलाही सुचलं नाही." ती रडत होती की हसत होती, ते त्यांना नीट कळलं नाही.

मनगटातून नळी घालायचं पुढे ढकललं. गोळ्या बंद, कॉफी बंद, आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस गेल्यावर साहेब पुन्हा त्या यंत्राखाली झोपले. या वेळी सिस्टरने त्यांना एकट्याला बोलावून विचारलं आणि त्यांनी सरळ उत्तरं दिली. जिभेखालची गोळी शेवटच्या कणापर्यंत विरघळू दिली. डोकं जरा ठणकलं, तेही त्यांनी सांगितलं. नाडी शांत होती.

चित्रं आरशासारखी आली. उजव्या नळीत तो मोठा अडथळा नव्हताच! पण डाव्या बाजूच्या नळीत एक खरं अरुंदपण सापडलं, जे पहिल्या वेळी कुणाला नीट दिसलं नव्हतं. शस्त्रक्रियेची गरज नव्हती, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हतं. रोजची औषधं, रोजचं चालणं, आणि ठरल्या वेळी पुन्हा दाखवायला येणं. "ह्या नळीचं आता कळलं, म्हणून सांभाळता येईल," बाई म्हणाल्या. "आणि ती दुसरी तक्रार, तिच्यावरही उपाय आहेत. पण ते मी ठरवणार, दुकानदार नव्हे. आणि त्या बोलण्यासाठी पुढच्या वेळी दोघं मिळून या."

बायकोने होकारार्थी मान हलवली. साहेबांचे कान पुन्हा तापले, पण ते उठून गेले नाहीत.

औषधांची चिठ्ठी येईपर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसले. बायको पाणी आणायला गेली होती. तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून एक धष्टपुष्ट मिशीवाले गृहस्थ हाताला सुई लावून तरातरा बाहेर आले आणि पाळी येईपर्यंत शेजारी बसले. त्यांचा जावई समोर खांबाला टेकून उभा होता.

"काय काय विचारतात हो हल्ली!" गृहस्थ खालच्या आवाजात साहेबांना म्हणाले. "आपल्या वयाला शोभतं का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही म्हणालो. आणखी काय म्हणणार?" असं म्हणून ते आपल्या बुटांकडे बघू लागले.

ते बघणं साहेबांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. त्यांच्या मनात आलं, आपल्याला काय करायचंय, आपला रिपोर्ट तर आला. परक्या माणसापुढे कशाला आपली लाज उघडी करा? पुन्हा तीच लाज! त्यांना स्वतःचाच राग आला.

ते गृहस्थांकडे सरकले. "तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे," ते म्हणाले. "मीसुद्धा इथे 'नाही'च म्हणालो होतो. खोटं होतं ते." आणि त्यांनी, कानांची लाली न लपवता, सगळी हकीकत सांगितली. मरता मरता वाचलो, हे सांगितलं. बायको स्वतःला दोष देत रडली, मुलगी चालून आलेली नोकरी सोडून बसली, हेही सांगितलं.

मिशीवाल्यांनी मिशीचं टोक दोनदा पिळलं. मग त्यांनी समोर हाक मारली, "जावईबापू, जरा खालून माझ्यासाठी बिस्किटं घेऊन या."

"आत्ता? तुम्हाला तर उपाशी राहायला सांगितलंय."

"तपासणीनंतर खाईन. जा हो तुम्ही!"

जावई जिन्याकडे वळला आणि गृहस्थ उठले. दाराशी जाऊन त्यांनी आत डोकं घातलं. "सिस्टर," ते म्हणाले, "मघाचं एक उत्तर चुकलं माझं. जरा बाहेर येता?"

वाचकहो, वैद्यकशास्त्र आपल्यासाठी काय काय नामी यंत्रं घेऊन आलं आहे! धडधडत्या हृदयातल्या केसाएवढ्या फटीही ती दाखवू लागली आहेत. पण त्या यंत्राखाली झोपणारा माणूस खरं बोलला, तरच त्याच्या रिपोर्टाला अर्थ राहतो. शरीराची कुठलीही तक्रार ही बेअब्रू नव्हे. ती दडवण्यासाठी बोललेलं खोटं मात्र आपल्या एकट्याचं राहत नाही. त्याची झळ घरातल्या प्रत्येकाला बसते. म्हणून डॉक्टरने विचारलं की सांगा. मुलीसमोर जमत नसेल तर मुलीला बाहेर पाठवा, मान खाली घालून सांगा, अडखळत सांगा, पण खरं सांगा. लाज घटकाभराची असते. ती सोसा, आणि जिवंत घरी या.